स्मरण कोणाचे, स्मारक कोणाचे?

परमार्गाच्या आचारप्रकरणाचा अभ्यास करताना ‘स्मरण’ या शब्दाशी पुनःपुन्हा गाठ पडते. अटन, विजन, भिक्षा ही अंगे शेवटी स्मरणाच्याच सोयीसाठी सांगितली आहेत, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरणार नाही. तथापि व्यवहारात आपण हा एकच शब्द दोन भिन्न गोष्टींसाठी योजतो. परमेश्वराच्या नाम, लीळा, मूर्ती व चेष्टा यांचे साधकाने केलेले चिंतन हे एक स्मरण. आणि घरातील माणूस गेल्यावर त्याच्या नावाने दगड बसविणे, तसबीर लावणे, दरवर्षी तिथी पाळणे हे दुसरे स्मरण. शब्द एक असल्यामुळे पहिल्याची प्रतिष्ठा दुसऱ्यास आपोआप मिळते, आणि हळूहळू पहिल्याची जागाही दुसरे घेऊ लागते. हा प्रश्न आता केवळ शब्दाचा राहिलेला नसून स्थानांच्या ओट्यांपर्यंत येऊन पोहोचला आहे. म्हणून त्याचा विचार येथे थोडा सविस्तर कर्तव्य आहे.

गेल्या काही दशकांत अनेक स्थानांचे जीर्णोद्धार झाले. वासनिकांनी श्रद्धेने द्रव्य दिले, भिक्षुकांनी श्रम केले, आणि पडझडीस आलेली कित्येक स्थाने वाचली, हे प्रथम कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परंतु त्याबरोबर एक नवी चाल पडली. ओट्यासमोरच्या फरशीवर, पायरीवर, दाराच्या चौकटीवर, क्वचित प्रत्यक्ष ओट्याच्या कडेवरसुद्धा ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ अशी अक्षरे कोरलेली आढळतात. वंदनास वाकलेल्या माणसाची दृष्टी प्रथम त्या नावावर पडते. यातील ‘कै.’ या अक्षराकडेही जाता जाता लक्ष वेधावेसे वाटते. कैलास व वैकुंठ ही देवतांची स्थाने असून त्यांचे फळ नाशिवंत आहे, हे ब्रह्मविद्येच्या पहिल्या काही पाठांतच उपदेशी शिकतो. जन्मभर देवताभक्तीचा त्याग करून अनन्यपणे राहिलेल्या आपल्या पित्यास मुलगा एका अक्षराने देवतेच्या घरी पाठवून देतो, आणि तेही परमेश्वराच्या स्थानावर! हेतू वाईट नसतो. छापखान्याची आणि पाथरवटाची रूढी आपण न विचारता उचलतो, इतकेच.

येथे कोणी असे म्हणेल की, माणूस गेल्याचे दुःख खरे असते. त्या दुःखास काहीतरी आधार हवा असतो. मग एखादा दगड बसविला तर परमार्गाचे काय बिघडते? ही शंका हलकी समजू नये. दुःख करू नये असे आपल्या पूर्वजांच्या चरित्रांतून दिसत नाही. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी इ.स. 1274 च्या सुमारास उत्तरापंथे गमन केले, तेव्हा मागे राहिलेल्या भक्तजनांची जी अवस्था झाली तिचे वर्णन आपल्या ग्रंथांत झाकून ठेवलेले नाही. भटोबासांसारखा धैर्याचा पुरुषही त्या वियोगाने खचला होता. तेव्हा प्रश्न दुःख करावे की न करावे हा नाही. त्या दुःखाचे त्यांनी पुढे काय केले, हा आहे.

त्यांनी काय केले ते पाहू. स्वामींची समाधी बांधण्याचा प्रश्नच नव्हता. स्वामी गेले ते उत्तरेकडे, देह ठेवून नव्हे. ज्या संप्रदायाच्या मुख्य अवताराची समाधी कोठेही नाही, त्या संप्रदायास समाधीचे वळण मुळातच नाही, ही गोष्ट आपण पुरेशी ध्यानात घेत नाही. भक्तजन ऋद्धिपुरास श्रीप्रभूंच्या सन्निधानी गेले व सेवेत राहिले. पुढे इ.स. 1280 च्या दशकात श्रीप्रभूंचेही सन्निधान संपले, आणि मग पूर्ण असन्निधान आले. असन्निधानी साधकास सेवा नाही, दर्शन नाही, प्रश्न विचारावा तर उत्तर देणारा नाही. उरते ते स्मरण. परमार्गात स्मरण हा शोकाचा उद्गार म्हणून आलेला नाही. सन्निधानी सेवेस जे स्थान होते तेच असन्निधानी स्मरणास आहे. हा भेद मनात पक्का ठसला म्हणजे पुढचा विचार सोपा होतो.

भटोबास एकांती बसून लीळांचे स्मरण करीत असत. म्हाइंभटांनी त्यांस त्याविषयी विचारले, आणि या लीळा भटोबासांच्या व इतर भक्तजनांच्या ठायी आहेत तोवर ठीक, पण ज्यांनी स्वामींस पाहिलेच नाही अशा पुढच्या लोकांनी स्मरण कशाचे करावे, हा विचार पुढे आला. तेथून लीळाचरित्राच्या कार्यास आरंभ झाला. म्हाइंभट ज्याच्याजवळ लीळा होत्या त्याच्याकडे जात, विचारीत, ऐकलेले भटोबासांपुढे ठेवीत, आणि भटोबासांनी मान्य केलेले तेवढे घेत. हे लेखन ऋद्धिपुरी वाजेश्वरीच्या परिसरात झाले असे आपण परंपरेने मानतो. मराठीतील पहिला गद्य चरित्रग्रंथ म्हणून आज साऱ्या महाराष्ट्रास ज्याचा अभिमान वाटतो, त्याचे मूळ असे एका व्यावहारिक अडचणीत आहे. म्हाइंभट हे सराळ्याचे मोठे विद्वान. विद्येचा अभिमानही त्यांस एके काळी मोठाच होता. त्यांनी आपल्या विद्वत्तेचे स्मारक उभारायचे ठरविले असते तर संस्कृतात एखादा पांडित्यपूर्ण ग्रंथ सहज झाला असता. त्याऐवजी त्यांनी म्हाताऱ्या बायकांच्या, घरधन्यांच्या, साध्या भक्तजनांच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे टिपले. आणि त्या हजारभर लीळांत आपण स्वतः जेथे प्रसंगाने आलो तेवढेच उरू दिले.

भाषेचाही प्रश्न याच ठिकाणी आला होता. केशोबासांचा ओढा संस्कृत रचनेकडे होता व त्यांची योग्यताही तशीच होती. भटोबासांनी त्यांस परावृत्त केले, कारण संस्कृतामुळे मार्गातील वृद्ध बायका ज्ञानास मुकल्या असत्या. स्मृतिस्थळातील हा प्रसंग आपण सर्वजण मराठीच्या अभिमानाने सांगतो. पण त्यात स्मरणाविषयीचाही एक निर्णय आहे. ज्याने स्मरण करायचे त्यालाच जे वाचता येत नाही, समजत नाही, ते कितीही सुंदर असले तरी या कामाचे नाही. संगमरवरावरच्या सोनेरी अक्षरांना हीच कसोटी लावून पाहावी.

आता शंका अशी येईल की, जीवाच्या नावास जर इतके गौणत्व आहे तर लीळाचरित्र नावांनी इतके भरलेले का? बाइसा, महदाइसा, आबाइसा, उमाइसा, साधे, दादोस, नाथोबा, सारंगपंडित. सातशे वर्षांपूर्वीच्या इतक्या साध्या स्त्रीपुरुषांची नावे, त्यांच्या सवयी, त्यांचे बोलणे दुसऱ्या कोणत्या मराठी ग्रंथात राहिले आहे? राजांचे शिलालेख राहिले. पण यादवांच्या राज्यात एखादी विधवा बाई काय जेवत होती, काय विचारीत होती, हे शिलालेख सांगत नाहीत.

यास उत्तर असे की, ही नावे त्यांच्या स्वतःच्या स्मरणार्थ तेथे आलेली नाहीत, ती संबंधाने आली आहेत. स्वामींनी अमुक उत्तर दिले, ते कोणास दिले हे सांगितल्यावाचून त्या उत्तराचा अर्थ लागत नाही. म्हणून विचारणारीचे नाव आले. महदाइसांस प्रश्न विचारल्यावाचून चैन पडत नसे. त्यामुळे कितीतरी निरूपणे झाली व त्या निरूपणांबरोबर त्या स्वतः राहिल्या. शिवाय आणखी एक लक्षण पाहावे. या ग्रंथात भक्तजनांची स्तुतीच केलेली नाही. त्यांचा रुसवा, त्यांची भूक, त्यांचे आपसांतील बोलणे, कोणाचा अहंकार, बाइसांचा करडेपणा, सर्व काही जसे घडले तसे आहे. आजचा मृत्युलेख किंवा स्मरणिका काढून पाहावी. त्यात गेलेला प्रत्येक मनुष्य दानशूर, मनमिळाऊ व सर्वांस हवाहवासा असतो. चार स्मरणिकांतली नावे अदलाबदल केली तरी वाचणाऱ्यास कळणार नाही. ज्यातून माणूस ओळखताच येत नाही त्यास त्याचे स्मरण तरी कसे म्हणावे? बाइसा मात्र सात शतकांनंतरही आपणांस आवाजावरून ओळखू येतील अशा वाटतात.

हरिपाळदेवाची गोष्ट या संदर्भात पुन्हा मनन करण्यासारखी आहे. भरुचच्या प्रधानाचा तो पुत्र. तो मृत्यू पावला, लोकांनी त्यास स्मशानात नेले, आणि तेथे श्रीचांगदेव राऊळांनी तो पतित देह स्वीकारला. अवतार गर्भीचा, पतिताचा व दवडण्याचा अशा तीन प्रकारे होतो, असे आपण शिकतो. त्यातील दुसऱ्या प्रकाराचे हे उदाहरण. आता विचार असा की, त्या देहातून जो जीव निघून गेला त्याचे पुढे काय झाले, याविषयी लीळाचरित्र मौन पाळते. तो आपल्या कर्माप्रमाणे गेला. घरच्यांना वाटले आपला मुलगा उठला. त्यांचा शोक क्षणात निवाला, पण ज्याच्यासाठी शोक करीत होते तो परत आलेला नव्हता. हरिपाळ हे नाव आज आपल्या मुखी आहे ते त्या जीवाच्या पुण्याने किंवा कोणी उभारलेल्या स्मारकाने नव्हे. त्याने टाकलेल्या वस्तूस परमेश्वराचा संबंध झाला म्हणून. जीवाच्या नावाचा टिकाऊपणा कशावर अवलंबून असतो, हे याहून स्पष्टपणे सांगणारा प्रसंग मला तरी दुसरा आठवत नाही.

हाच संबंधाचा न्याय स्थानांस लागू आहे. स्थान, प्रसाद, भिक्षुक व वासनिक या चार साधनांत स्थानाचा उल्लेख प्रथम येतो. आपला ओटा कसा असतो? दगडमातीचा, चुना दिलेला, फार तर गुडघाभर उंच. मूळ ओट्यावर मूर्ती नाही, प्रशस्ती नाही. तो एवढेच सांगतो की येथे आसन झाले, येथे वसती झाली, येथे आरोगणा, येथे पहुड. कोठे तर येथे परिश्रय झाला, एवढेच. जगातील बहुतेक स्मारके पराक्रमाची असतात. कोणी कोठे जिंकले, कोणी काय बांधले ते सांगतात. स्वामी सकाळी कोठे बसले व रात्री कोठे निजले हे सांगणारी आणि त्याबाहेर एक शब्दही न बोलणारी स्मारके दुसरीकडे क्वचितच असतील. त्याचे कारण उघड आहे. चेष्टांचे स्मरण करायचे तर चेष्टा कोठे झाली ते नेमके कळले पाहिजे. ओटा हा स्मरणाचा खुंटा आहे. दोरी तेथे बांधली की मन भलतीकडे जात नाही.

चौदाव्या शतकात मुनिव्यासांनी जी स्थानपोथी सिद्ध केली तिची पद्धती पाहिली म्हणजे पूर्वजांच्या दृष्टीने या नेमकेपणाचे मोल किती होते ते ध्यानात येते. गाव कोणते, देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून आहे, त्याच्या कोणत्या अंगास मठ, दारापासून कोणत्या दिशेस आसन, अंगणात काय, बाहेर काय. असे ते एखाद्या मोजणीदाराप्रमाणे सांगत जातात. गंगातीरीची गावे, प्रतिष्ठान, डोमेग्राम, वेरूळची लेणी, लोणार, ऋद्धिपूर, सर्वत्र हीच रीत. तेराव्या शतकातील देवळांची रचना शोधणाऱ्या संशोधकांसही आज या पोथीचा आधार घ्यावा लागतो. पण मुनिव्यासांनी ती संशोधकांसाठी लिहिली नव्हती. देवळे पडतील, गावे हलतील, तेव्हा वंदनास येणाऱ्याने भलत्याच जागी मस्तक ठेवू नये एवढ्यासाठी लिहिली. आता ओट्यावर मोठी फरशी घालून चारी बाजूंनी कठडा उभारला, मूळची दोन आसने एकाच चौथऱ्याखाली गेली, आणि चौथऱ्यावर देणगीदाराचे नाव आले, तर तेथे स्मारक वाढले की स्मरण बुजले, याचा निर्णय वाचकांनीच करावा. मुनिव्यासांनी स्वतःचे नाव कोणत्याही ओट्यावर घातल्याचे ऐकिवात नाही.

दगडाच्या टिकाऊपणाविषयीही आपला समज तपासून घेतला पाहिजे. दगड टिकतो, कागद जातो, असे आपणांस वाटते. आपल्या मार्गाचा इतिहास नेमका उलट साक्ष देतो. भटोबासांचे देहावसान शके 1224 मध्ये, म्हणजे इ.स. 1302 मध्ये झाले. त्यानंतर काही वर्षांतच देवगिरीच्या राज्याची जी वाताहत झाली त्या धामधुमीत, खालशाच्या धाडीत, लीळाचरित्राची मूळ प्रत नाहीशी झाली. ज्या एका ग्रंथासाठी म्हाइंभटांनी आयुष्य वेचले तो हातचा गेला. तरीही आज आपण लीळाचरित्राचे पारायण करतो, कारण तो ग्रंथ माणसांच्या ठायी होता. ज्यांनी तो मुखोद्गत केला होता त्यांनी तो पुन्हा सांगितला. हिराइसांच्या नावाने ओळखला जाणारा पाठ याचीच साक्ष आहे. त्या बाईचे कोठे छायाचित्र नाही, समाधी नाही. त्यांच्या स्मरणात लीळा राहिल्या, म्हणून लीळांबरोबर त्या राहिल्या.

पुनर्रचनेच्या वेळी सर्वांची आठवण सारखी नव्हती, हे स्वाभाविक आहे. एकास एक शब्द स्मरे, दुसऱ्यास दुसरा. कोणी प्रसंग एका गावी झाला म्हणे, कोणी दुसऱ्या. हत्तीच्या दृष्टांतातील आंधळ्यांप्रमाणे प्रत्येकाने आपला भाग हाच सर्व हत्ती असे म्हटले असते तर तंटा माजला असता व एकाने बाकीच्यांचे पुसून टाकले असते. आपल्या पूर्वजांनी एक वेगळीच शिस्त पाळली. जेथे आठवण भिन्न झाली तेथे ती भिन्न आठवण ‘एकी वासना’ म्हणून शेजारीच नोंदविली. कित्येक ठिकाणी ती कोणाची, अथवा कोणाचा शोध, हेही सांगितले. येथे ‘वासना’ म्हणजे इच्छा नव्हे. स्मरणात उरलेला पाठ. परशरामबास, रामेश्वरबास इत्यादी थोरांची नावे आपणांस अशा नोंदींतून वरचेवर भेटतात. माझ्या मते माणसाचे यापेक्षा सभ्य स्मारक असू शकत नाही. त्यात त्याची थोरवी गायिलेली नाही. अमुक लीळा याच्या आठवणीत अशी होती, एवढेच म्हटले आहे. मात्र त्या एका ओळीसाठी त्याच्या पदरी जन्मभराचे श्रवण असावे लागते.

दगडाची दुसरी मर्यादा अशी की तो प्रवास करीत नाही. महानुभाव मार्ग पंजाबात आणि त्याही पलीकडे पेशावरपर्यंत गेला होता. तिकडे लोक त्यास जयकृष्णी पंथ म्हणून ओळखीत. 1947 साली फाळणी झाली आणि तिकडील उपदेशी मंडळींस घरेदारे, मठ, सारे मागे टाकून यावे लागले. पायरीचा दगड कोणी पाठीवर घेऊन आला नाही. पोथ्या मात्र आल्या, आणि पोथी नसेल तेथे पाठ आला. ज्यांची घरची बोली पंजाबी, त्यांच्या मुखी आजही सातशे वर्षांपूर्वीची मराठी वचने आहेत. आपल्या वडिलांनी एखादे गाव सोडताना काय सोबत घेतले, याचा विचार केला तर त्यांच्या मते स्मरणीय काय होते ते कळते.

आता महंतांच्या व वडील भिक्षुकांच्या समाधीचा प्रश्न. हा नाजूक आहे, परंतु टाळण्यासारखा नाही. भिक्षुकाच्या देहास भूमीत निक्षेप करण्याचा आपला आचार जुना आहे. देशाच्या शेवटी जाऊन झाडाखाली जन्म घालवावा, ओळखीपाळखीत राहू नये, असा सूत्रांचा भाव आहे. ज्याने जिवंतपणी ओळख टाळायची, त्याच्या मागे त्याची ओळख पाषाणात कोरून ठेवायची, यात विसंगती दिसते ती दिसतेच. गुरूविषयी शिष्याची कृतज्ञता मात्र खरी असते, व निक्षेपाची जागा पायदळी येऊ नये म्हणून तेथे खूण असणेही योग्य होय. मर्यादा एवढीच की, त्या खुणेस ओट्याचे रूप देऊ नये, तेथे आरती-उपहाराचा क्रम लावू नये, आणि नवख्या वासनिकास स्थान कोणते व खूण कोणती याचा भ्रम होईल असे करू नये. परमेश्वरसंबंधाने पाषाण वंदनीय होतो. जीव कितीही थोर असला तरी त्याच्या देहसंबंधाने तो तसा होत नाही. भटोबासांइतका अधिकार तर आपल्यापैकी कोणाचाही नाही. त्यांचे स्मरण आपण कशाने करतो? स्मृतिस्थळाने. श्रुती, स्मृती, वृद्धाचार व मार्गरूढी या चार प्रमाणांत दुसरे प्रमाण म्हणजे त्यांचे बोलणे व वागणे. आपले आचार्य परमार्गाने प्रमाण म्हणून जतन केले. रोज त्यांच्याकडे काही ना काही विचारण्यास जावे लागते. ज्या महंतांच्या बाबतीत समाधी मोठी झाली आणि त्यांचे निरूपण कोणी लिहून ठेवले नाही, त्यांच्या शिष्यांनी गुरूस जवळ केले की दूर, हे त्यांचे त्यांनीच पाहावे.

वासनिकांच्या घरची गोष्ट थोडी निराळी. त्यांस लोकात राहायचे असते. दहाव्या-तेराव्यास शेजारी काय म्हणतील हा धाक असतो. श्राद्धपिंडाचा विधी परमार्गात नाही हे बहुतेकांस ठाऊक असते, परंतु ती जागा रिकामी राहते व मग ती तसबिरीने, हाराने, पाटीने भरली जाते. रिकामी जागा नुसत्या निषेधाने भरत नाही; म्हणून येथे विधिपक्षही सांगणे प्राप्त आहे. गेलेल्या जीवास आपण पाठविलेले काही पोहोचते, अशी कल्पना प्रथम सोडावी. तो आपल्या कर्माने बांधलेला आहे. पण त्याने जे द्रव्य मागे ठेवले, आणि त्याच्या वियोगाने आपल्या मनात जी उकळी आली, ती दोन्ही कोठे लावायची हे आपल्या हाती आहे. भिक्षुकांस अन्नवस्त्र, पारायणाची सोय, एखाद्या निराश्रित साधकाच्या औषधपाण्याची तजवीज, हे मार्ग सर्वांस परिचित आहेत व त्यांचा विस्तार येथे करीत नाही.

एका गोष्टीचा मात्र आग्रह धरावासा वाटतो. आपल्याकडे पोथी लिहून घेण्याची मोठी परंपरा होती. पोथीच्या शेवटी पुष्पिकेत लेखकाचे नाव, शक, मास, तिथी, क्वचित कोणासाठी लिहिली ते, एवढे दोन ओळींत येई. सकळ लिपीतील असो की साध्या बाळबोधीतील, हजारो पोथ्यांच्या शेवटी अशी नावे आहेत. ज्यांचे दुसरे काहीही उरले नाही अशी ती माणसे आहेत. पोथी वाचणारा शेवटच्या पानावर येतो तेव्हा त्याचे लीळास्मरण झालेले असते. मग त्या नावाकडे दृष्टी जाते. नाव शेवटी, स्मरणानंतर, ही त्याची योग्य जागा. आज हाताने पोथी लिहिणारे थोडे उरले आहेत. परंतु मठामठांतून जुन्या पोथ्या वाळवीने व ओलीने खराब होत आहेत. त्यांची पाने स्वच्छ करणे, नव्या रुमालात बांधणे, त्यांची छायाचित्रे घेऊन प्रती दोन-तीन ठिकाणी ठेवणे, यास एका संगमरवरी कमानीइतकाही खर्च येत नाही. ज्यास आपल्या मातापित्यांच्या नावे काही करायचे असेल त्याने एक बासन हाती घ्यावे.

दुसरे असे की, आपल्या घरची वृद्ध माणसे हयात असतानाच त्यांच्याजवळ बसावे. अमुक स्थानाचा ओटा त्यांच्या लहानपणी कसा होता, पूर्वी वंदनाची वाट कोणत्या अंगाने होती, जुन्या भिक्षुकांकडून त्यांनी कोणती लीळा कोणत्या पाठाने ऐकली, कोणते पद ते कोणत्या चालीवर म्हणत, हे त्यांस विचारावे व त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. हल्ली प्रत्येकाच्या खिशात आवाज टिपण्याचे यंत्र आहे. लग्नकार्यात त्याचा जेवढा उपयोग होतो त्याचा शतांश येथे झाला तरी पुरे. ज्या गोष्टीविषयी दोघांची आठवण भिन्न पडेल तेथे दोन्ही लिहाव्यात व कोणाची कोणती ते सांगावे. आपला आजा ‘एकी वासना’ म्हणून एखाद्या वहीत राहील, तर म्हाइंभटांच्या पंक्तीच्या अगदी शेवटास का होईना, त्यास पान मिळाले असे होईल.

आणि जेथे ओट्याचे काम काढायचे असेल तेथे कुदळ लागण्यापूर्वी स्थानपोथी समोर ठेवून, जाणत्या भिक्षुकास सोबत घेऊन, ओट्यांची संख्या, दिशा, दारापासूनचे अंतर, लांबी-रुंदी व उंची मोजून कागदावर घ्यावी. चारी अंगांनी छायाचित्रे काढावीत. त्याची एक प्रत मठात, एक गावातील वासनिकाकडे व एक दूरच्या दुसऱ्या मठात ठेवावी. दोन ओटे एका फरशीखाली घेऊ नयेत. पूर्वीच कोठे घेतले गेले असतील तर त्या फरशीवर मूळ आसनांच्या रेषा आखून घ्याव्यात. देणगीदारांची नावे ठेवायचीच असतील तर ती स्थानाच्या आवाराबाहेर, धर्मशाळेच्या भिंतीवर अथवा जमाखर्चाच्या वहीत ठेवावीत, आणि जी आधीच पायरीवर कोरली गेली आहेत ती पुढच्या डागडुजीच्या वेळी त्या त्या कुटुंबास समजावून, त्यांच्या संमतीने हलवावीत.